एनटी जास्त आली? आधी कॅलेंडर काढा

आमच्या धाकट्या जावेच्या सोनोग्राफीत 'बाळाच्या मानेमागे पाणी जरा जास्त दिसतंय' म्हणाले (त्या पाण्याच्या मापालाच एनटी म्हणतात) आणि देवगडला घरी रडारड, सासूबाई तर लगेच देवाला गाऱ्हाणं घालायला निघाल्या. घाला की, पण आधी रिपोर्ट उघडून दोन आकडे बघा. एक सीआरएल, म्हणजे बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, ती ४५ ते ८४ मिमी असेल (साधारण ११ ते १३ आठवडे ६ दिवस) तरच एनटी धरतात. दुसरा एनटीचा. २.५ मिमीच्या आसपास असेल तर नुसत्या आकड्यावर घाबरू नका, डबल मार्कर म्हणजे आईच्या रक्ताची तपासणी, ती जोडून क्रोमोसोमच्या (गुणसूत्रांच्या) दोषाची रिस्क काढतात. ३.५ किंवा वर असेल तर मात्र पुढच्या तपासण्या लागतातच.

अशा वेळी "पुढच्या महिन्यात परत बघू" ऐकून गप्प बसायचं नाही. ते पाणी नंतर आपोआप उतरतं, पण धोका उतरत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याच आठवड्यात फीटल मेडिसिनवाले, म्हणजे पोटातल्या बाळाचे तज्ज्ञ डॉक्टर, गाठा, रत्नागिरीकडून आंबा घाट चढून कोल्हापूर, कुडाळ-सावंतवाडीकडून गोवा, नाहीतर रात्रीची गाडी धरून मुंबई (गणपतीनंतरची तारीख असेल तर तिकिटाचं आधी बघा, उभं राहून न्यायची नाही तिला).

तिथे बाळाचे क्रोमोसोम तपासायला ११ ते १४ आठवड्यांत सुईने वारेचा नमुना घेतात, ते हुकलं तर १६ व्या आठवड्यापासून गर्भजलाचा. त्या नमुन्यावर मायक्रोअॅरे (क्रोमोसोमची जास्त बारीक तपासणी) करणार का ते विचाराच, साध्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे क्रोमोसोमच्या नेहमीच्या तपासणीत, बारीक दोष सुटतात. एनआयपीटी ही क्रोमोसोमची चाचणी आईच्या रक्तावर होते, पोटात सुई नाही म्हणून सगळ्यांना तीच हवी असते, पण ती पक्कं निदान नव्हे, एवढ्या एनटीला तिच्यावर थांबू नका.

एनटी ३.५ ते ४.४ मिमी असेल तर साधारण पाचात एका बाळाला क्रोमोसोमचा दोष निघतो, आणि दहातली सातेक बाळं सुखरूप असतात. क्रोमोसोम ठीक निघाले तरी हृदय राहिलं, म्हणून १८-२० आठवड्यांत अॅनोमली स्कॅन (व्यंग बघायची सोनोग्राफी) आणि २०-२२ च्या दरम्यान फीटल इको (बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी). सगळंच नॉर्मल आलं तर बहुतेक बाळं ठणठणीत.

कॅलेंडर कशाला, तर गर्भपात करायचा की नाही हे ठरवायची वेळ आलीच तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, २४ नंतर गंभीर व्यंगासाठी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. मुलगा की मुलगी विचारू नका, कायद्याने कोणी सांगणार नाही. आणि आईचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर सुईनंतर अँटी-डीचं इंजेक्शन हवं का ते तिथेच विचारून घ्या, आमच्याकडे ते घाटात परतताना आठवलं.