परवानाधारक गेल्यावर बंदुकांचं काय काय करायचं (आणि काडतुसं!)

मामा जाऊन तीन आठवडे झाले आणि मामींनी बंदुकांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली, कारण म्हणे घरात या कामाचा अनुभव असलेला मीच. अनुभव म्हणजे काय, तर बाबांच्या वेळी मी केलेली माती. म्हणून या वेळी हात लावायच्या आधी लिहून काढतोय, कुणावर अशी वेळ आलीच तर तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिलं काम काडतुसं शोधणं. बंदूक नाही, काडतुसं. बंदूक कुठे आहे ते सगळ्या घराला माहीत असतं. बाबांची बाराबोर मी नीट ठाण्यात जमा केली, परवान्याचं पुस्तक दिलं, पावती घेतली आणि हुश्श म्हणून घरी आलो. साडेचार महिन्यांनी माळा आवरताना बिस्किटाच्या डब्यात नऊ जिवंत काडतुसं निघाली. बंदूक जमा, परवाना जमा, परवाना ज्यांच्या नावावर ते वर गेलेले, आणि माझ्या हातात नऊ काडतुसं ज्यांच्यासाठी माझ्याकडे कागदाचा कपटासुद्धा नाही. शस्त्र कायदा 1959 चं कलम 3 बंदूक आणि दारूगोळा दोन्हीला परवाना मागतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना ताब्याला किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. ताबा जाणूनबुजून होता का हे कोर्ट बघतं हे खरं, पण ते कोर्टात, ठाण्यातल्या बाकावर नाही. मी डबा घेऊन गेलो तेव्हा तीन तास बसवलं, जबाब लिहिला, 'तेव्हाच का नाही आणली' हे चार वेगवेगळ्या लोकांनी विचारलं, आणि त्याला उत्तर काय देणार, बघितलंच नव्हतं. थोडक्यात सुटलो.

तर कुठे कुठे बघायचं. माळा, देवघराखालचा कप्पा, जुनी ट्रंक, गाडीचा डॅशबोर्ड, शेतावरची खोली, आणि शिकारीचं जॅकेट, त्याचे सगळे खिसे आणि अस्तरसुद्धा. शिकार कधीच बंद झाली पण जॅकेट कुणी टाकत नाही. परवान्याच्या पुस्तकात मागे काडतूस खरेदीच्या नोंदी असतात, त्या बघून अंदाज घ्या की किती घेतली होती. हिशोब तंतोतंत लागणार नाही, पण पंचवीस घेतलेली दिसली आणि घरात चारच सापडली तर अजून एकदा वर चढा.

मग बंदुका. प्रत्येकीवरचा नंबर परवान्यातल्या नंबराशी ताडून बघा, फोटो काढा. भरलेली नाही ना हे माहितगाराकडून बघून घ्या, स्वतः शहाणपणा नको. आणि ती उचलून स्कूटरवरून ठाण्यात घेऊन जायची नाही! माणूस गेला की त्याच्या परवान्यावर तुम्हाला ती बाळगता येत नाही. आधी ठाण्यात फोन, लेखी अर्ज दोन प्रतींत, आणि ते सांगतील तसं. कलम 21 म्हणतं विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात जमा करा, अटी पाळून परवानाधारक डीलरकडेही चालतं. बाराव्या-तेराव्याची वाट बघत बसू नका, आम्ही तीन आठवडे घालवलेत आणि तेही जास्तच झालेत. निवडणुकीच्या वेळी जमा केलेली बंदूक अजून तिथेच पडून आहे का तेही विचारा, पुष्कळदा असते.

मामांकडे तीन आहेत, बाराबोर, पॉइंट टू टू रायफल आणि पणजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची ती). पूर्वी एका माणसाला तीन चालायच्या, 2019 च्या दुरुस्तीने दोन झाल्या, वरची एका वर्षात, म्हणजे डिसेंबर 2020 पर्यंत जमा करायची होती. मामा म्हणायचे ठासणी मोजत नाहीत, ती शोभेची. इथेच लोक फसतात. कायद्यात जुन्या हत्यारांना सूट आहे पण कधी, तर दुरुस्त करूनही ती उडणार नसेल तेव्हा. बाबांच्या ओळखीतल्या एका संग्राहकाला यातच अटक झाली. भिंतीवर पाच-सहा ठासणीच्या, सगळ्या गंजलेल्या, पण गृहस्थ हौशी, त्यांनी एकीचा घोडा कारागिराकडून नीट करून घेतला, नळी साफ केली, आणि पाहुण्यांना चाप ओढून दाखवायचे. म्हणजे भंगार होतं ते स्वतःच्या खर्चाने शस्त्र करून घेतलं. शिवाय टेबलाच्या खणात काय सापडलं? काडतुसं. ती कुठल्याच बंदुकीची नव्हती, कुणीतरी भेट दिलेली, नमुना म्हणून ठेवलेली. त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं आपण म्युझियम चालवतोय. तेव्हा ठासणी असो नाहीतर तोफ, 'अँटिक आहे हो' हे आपण ठरवायचं नाही, यादीत लिहायची आणि पोलिसांना ठरवू द्यायचं. तेल घालायचं नाही, पॉलिशही नाही.

थ्री नॉट थ्री किंवा नाइन एमएम निघाली तर थांबा आणि आधी वकील गाठा, ती प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे नळीचं ते माप सामान्य माणसाला बंद, तिथे शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. छऱ्याची एअरगन साधी साडेचार एमएमची असेल तर तिला परवाना लागत नाही, मात्र ताकद वीस ज्यूलच्या आत पाहिजे. भिंतीवरची शिंगं आणि कातडं हा वेगळा कायदा, 1972 चा वन्यजीवांचा, त्यात आत्ता शिरत नाही पण त्याचेही कागद बघा.

पावती. 'एक बंदूक जमा' एवढं लिहून देतात, ते घेऊ नका. मेक, नंबर, आणि काडतुसं किती, आकड्यात आणि अक्षरात. काडतुसं शून्य असतील तर शून्य लिहून घ्या.

नंतरचं सगळं नेहमीचं. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, बाकी वारसांची नाहरकत (चुलतभावांना आत्ताच फोन करा, नंतर रुसतात), कुणाला स्वतःच्या नावावर हवी असेल तर कलेक्टर किंवा कमिशनर ऑफिसात नवीन अर्ज, डॉक्टरचा दाखला, ट्रेनिंग, फोटो. वारसाहक्काने आली तरी दोनचीच मर्यादा, स्वतःची धरून. परवाना आता पाच वर्षांचा, यूआयएन (परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पडलाय का बघा. नको असेल तर डीलरला विका, तेही परवानगीनेच. झालं.

मामींनी आत्ता सांगितलं की गावच्या घरी मामांची एक पत्र्याची पेटी आहे, 'त्यात काही नसेल रे, कपडे असतील'. उद्या सकाळच्या एसटीने जातोय. कपडे असतील तर खिसे बघायचे आहेत.