सुट्टीनंतरची पहिली हीट आणि पिगचा साचा

लॅडल, म्हणजे वितळलेलं मेटल ओतायचं भांडं, लालभडक होतं, स्क्रॅप कोरडं होतं, पोरांच्या अंगावर ॲप्रन होते. चुकला तो पिगचा साचा, म्हणजे उरलेलं मेटल ओतून गोठवायचा बिडाचा साचा. गेल्या जुलैत, कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, आमच्या फाउंड्रीत दोन दिवसांच्या सुट्टीनंतरची पहिली हीट, म्हणजे मेटल वितळवायची पहिली खेप होती. मोल्ड भरून झाले, लॅडलमध्ये चाळीसेक किलो मेटल उरलं, ते नेहमीसारखं साच्यात पालथं केलं आणि सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. साच्यात पाणी साचलं होतं असंही नाही. वरचा पत्रा फुटका, त्यामुळे तळाला नुसती ओल धरली होती. मेटल क्रेनच्या गर्डरपर्यंत उडालं. हेल्परचा खांदा भाजला आणि माझं डावं पाऊल. आता पावसाळ्यात फर्नेस लावण्याआधी काय काय बघतो ते सांगतो.

पहिलं, पिगचा साचा. मेल्टिंग सुरू व्हायच्या आधी, हीट संपताना नव्हे. पाणी मेटलच्या वर पडलं तर उकळून निघून जातं; मेटलखाली दाबलं गेलं तर त्याला वाटच नसते. पाण्याची वाफ झाली की ती सतराशे पट जागा मागते, आणि १४०० डिग्रीच्या मेटलखाली हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. बिडाच्या साच्यावर गंज असतो, गंज ओल धरतो, आणि पावसाळी हवेत थंड साच्याला घामही येतो. म्हणून 'हात लावून बघितलं, कोरडा आहे' हे चालणार नाही. बर्नर लावा, टेम्परेचर गनवर १५० च्या वर दिसलं पाहिजे. थेंब टाकून चुरचुरतो का बघणारे महाभाग मी पाहिलेत. अहो, ज्याची भीती तेच तुम्ही आत टाकताय.

स्क्रॅप. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, शॉक ॲब्सॉर्बर, छोटे सिलिंडर, झाकण घट्ट बसलेली डबडी: कापल्याशिवाय आत जाणार नाहीत, भंगारवाल्याने काहीही सांगितलं तरी. बोरिंगचा, म्हणजे मशिनवरून निघालेल्या बारीक कीसाचा, ढीग वरून कोरडा लागतो, फावडं खाली घाला म्हणजे कळेल. फर्नेस रिकामी असताना पहिल्या चार्जमधली, म्हणजे पहिल्यांदा भरलेल्या स्क्रॅपमधली, थोडी ओल तापता तापता उडून जाते. तळाशी मेटल असताना वरून ओलं बोरिंग टाकणं म्हणजे पाणी हाताने मेटलखाली दाबणं. तेव्हा आदल्या दिवशीच स्क्रॅप शेडमध्ये घ्या. जागा नाही म्हणता? साच्यासाठीही आमच्याकडे जागा नव्हती, म्हणूनच तो फुटक्या पत्र्याखाली होता.

लॅडलचं सगळ्यांना माहीत असतं. एकच सांगतो: रात्री आतल्या अस्तराला पॅचिंग केलं असेल तर वरून वाळलेलं दिसतं, आत ओलं असतं. आतून लाल होईपर्यंत बर्नर हलवू नका, डिस्पॅचवाला कितीही बोंबलू दे. स्लॅग (मेटलवरची मळी) काढायची सळई, सॅम्पलचा चमचा, तापमान मोजायच्या थर्मोकपलचा पाइप हे कोपऱ्यात भिंतीला टेकवलेले असतात आणि भिंत पावसात पाझरते. मेटलमध्ये बुडवण्याआधी फर्नेसच्या तोंडाशी धरून तापवा.

फर्नेससमोरचा पिट, म्हणजे खड्डा. झाकण उचला, टॉर्च मारा. लायनिंग, म्हणजे फर्नेसचं आतलं अस्तर, फुटून मेटल खाली आलं तर ते तिथेच जाणार, म्हणून पिट मोकळा आणि कोरडाच हवा. पंप लावून पाणी काढलं म्हणजे पिट कोरडा झाला असं नाही. लायनिंगच्या मागे मेटल तापवणारी तांब्याची कॉइल, कॉइलमध्ये पाणी. मधलं लायनिंग किती उरलं ते अर्थ लीकेजचा, म्हणजे वीज गळते का ते दाखवणारा, मीटर सांगतो. तो ट्रिप मारतो, फर्नेसची वीज तोडतो, म्हणून बायपास करणाऱ्याशी मला बोलायचं नाही. वर स्क्रॅप अडकून ब्रिज झाला, तर पॉवर वाढवू नका, बंद करा. खालचं मेटल भलतंच तापतं आणि लायनिंग खातं.

आणि साचा? बर्नर लावलाय ना? कोणी लावलाय? 'लावायला सांगितलंय' हे मीही म्हणालो होतो.

कपडे. नायलॉन-पॉलिस्टर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती घाला. तोंडावरची काच खाली घ्या, कपाळावर ठेवून उपयोग नाही. पँट बुटाच्या बाहेर. माझी आत खोचलेली होती. मेटलचा एक गोळा, लिंबाएवढासुद्धा नाही, बुटात उतरला आणि लेस सोडेपर्यंत जे व्हायचं ते झालं. आता लेस नसलेला, झटकन निघणारा बूट वापरतो. तीन आठवडे घरी बसलो. हिने त्या बुटाचं काय केलं ते अजून सांगितलेलं नाही.

पोअरिंगला लॅडल काठोकाठ भरू नका. वाट मोकळी, मागे सरकायला जागा. खाली सांडलं तर कोरडी वाळू, पाण्याचा पाइप नाही. काँक्रीटवरही ओतू नका, त्यातही पाणी असतं.

भाजलंच तर नळाचं वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. चिकटलेलं कापड ओढू नका. अंगठी, घड्याळ काढा. १०८.

हीट संपली की पिग बाहेर काढा, साचा शेडमध्ये घेऊन उलटा घाला, वर धड पत्रा टाका. उलटा घातला म्हणून उद्या बर्नर चुकवायचा नाही.