बाहेर जाणारा मेल उशिरा पोहोचत असेल तर पोस्टफिक्समध्ये काय तपासावे

द्राक्ष हंगामात नाशिकच्या एखाद्या निर्यातदाराची कागदपत्रे परदेशी खरेदीदाराला वेळेत मिळाली नाहीत, की पोस्टफिक्स, म्हणजे मेल पाठवणारे सॉफ्टवेअर, चालवणारा सर्व्हर रीस्टार्ट करण्याचा सल्ला हमखास दिला जातो. कारण कळेपर्यंत तसे काही करू नये.

आधी 'मेलक्यू' आज्ञेने पाठवायच्या राहिलेल्या मेलची रांग पाहावी. एकाच डोमेनचे मेल अडले आहेत की सगळेच, एवढे तेथे कळते.

नंतर उशीर झालेल्या एका मेलची नोंद लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत) शोधावी आणि 'डिलेज'पुढील चार आकडे नीट वाचावेत. या पायरीवर घाई मुळीच करू नये, कारण बहुतेक जण फक्त एकूण उशीर पाहतात आणि त्यावरून कारण कळत नाही. समजा, तेथे ०.१/०.०२/६२/१.९ असे लिहिले आहे. पहिला आकडा मेल आल्यापासून शेवटच्या वेळी सक्रिय रांगेत दाखल होईपर्यंतचा, दुसरा त्या सक्रिय रांगेतला, तिसरा डीएनएसमधून (डोमेनचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून) पत्ता शोधून पलीकडच्या सर्व्हरशी जोडणी होईपर्यंतचा आणि चौथा प्रत्यक्ष मजकूर पाठवण्याचा वेळ सेकंदांत सांगतो. येथे ६२ सेकंद जोडणीतच गेले आहेत. जोडणीसाठी थांबण्याची मूळ मर्यादा ३० सेकंदांची असते. त्यामुळे तिसरा आकडा ३० किंवा ६०च्या आसपास दिसला, तर पलीकडच्या एक-दोन आयपी पत्त्यांकडून उत्तरच येत नाही, असा माझा पहिला संशय असतो. सर्व्हरवर आयपीव्ही६ (नव्या प्रकारचे आयपी पत्ते) सुरू आहे, पण इंटरनेट पुरवठादाराकडून ते बाहेर जात नाही, ही स्थिती मी वारंवार पाहिली आहे. ते दुरुस्त करून घ्यावे, किंवा तोवर पोस्टफिक्सच्या 'आयनेट प्रोटोकॉल्स' या सेटिंगमध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवावे. हा बदल रीलोडने लागू होत नाही. पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावे लागते.

चौथा आकडा मोठा असेल तर जोडलेल्या फाइलींचा आकार आणि अपलोडचा वेग तपासावा.

पहिला मोठा असेल तर लॉगमध्ये पलीकडच्या सर्व्हरने दिलेले ४५० किंवा ४५१ असे तात्पुरते नकार शोधावेत, कारण पुन्हा प्रयत्नाची वाट पाहण्याचा वेळ याच आकड्यात धरला जातो. अनोळखी सर्व्हरला काही मिनिटांनी परत यायला सांगण्याची ही पद्धत असू शकते आणि पोस्टफिक्स किमान ३०० सेकंदांनी आपणहून पुन्हा प्रयत्न करते. अशा वेळी रांग पुन्हा पुन्हा फ्लश करणे (अडलेले मेल लगेच पाठवायला लावणे) किंवा एकाच वेळी जास्त जोडण्या उघडणे हा सल्ला घातक आहे, कारण पलीकडचा सर्व्हर त्यामुळे आपल्याला अधिकच रोखू लागतो.

दुरुस्तीनंतर त्याच पत्त्यावर चाचणी मेल पाठवून लॉगमधले आकडेच पाहावेत. मेल मिळाला का, हे फोनवर विचारून निष्कर्ष काढू नये. पलीकडचा स्पॅम फिल्टर स्वतःचा वेळ घेतो.