समाजाचं चित्र काढायला बसणाऱ्यांसाठी

मी बेने इस्राएल घरातला, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातला. जन्म अलिबागचा, चित्रकला मुंबईत शिकलो, आता इस्राएलमधल्या अश्दोद शहरात राहतो. आपल्या समाजावर काम करू पाहणारी तरुण मुलं कधी कधी स्केचबुक घेऊन येतात. बहुतेकांच्या पहिल्या पानावर एकीकडे मेनोरा, म्हणजे यहुद्यांचा सात फांद्यांचा दिवा, असतो, दुसरीकडे नऊवारीतली बाई आणि मधोमध रेघ. ती रेघ आपल्या घरांत कधीच नव्हती, म्हणून ही मांडणी मी आधी सोडायला सांगतो.

जिचे दोन भाग करताच येत नाहीत अशी वस्तू घ्या. मलिद्याचं ताट बघा: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, फळं, आणि त्यावर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन म्हटलेली हिब्रू प्रार्थना. यातलं कोकणी किती आणि यहुदी किती? ताट समोर मांडून काढा, फोटोवरून नको. पोह्यांचा पांढरा आणि खोबऱ्याचा पांढरा यांतला फरक कॅमेरा खाऊन टाकतो.

सिओना बेंजामिन यांची चित्रं जरूर पाहा. त्या मुंबईत वाढलेल्या बेने इस्राएल, आता अमेरिकेत असतात. लघुचित्रांच्या वळणाने काढलेल्या त्यांच्या बायका निळ्या कातडीच्या असतात. तो निळा त्यांनी कमावलेला आहे, तुम्ही उसना घेऊ नका.

सगळ्यात अवघड काम दुखऱ्या जागांचं. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे यहुदी धर्मगुरूंकडून, फर्मान निघालं की बेने इस्राएलांच्या इतर यहुद्यांशी होणाऱ्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. म्हणजे आम्ही यहुदी आहोत की नाही, इथूनच शंका! लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४ मध्ये संसदेने समान दर्जा जाहीर केला. ज्यांनी ते सोसलं, त्यांतल्या एक आजी माझ्यासमोर बसल्या तेव्हा म्हणाल्या, "चेहरा नको रे, हात काढ." मी हातच काढले. बांगड्या, सुरकुत्या, मांडीवर घट्ट धरलेला रुमाल. चेहऱ्याने कदाचित इतकं सांगितलं नसतं.

परवानगी दोनदा मागा, काढण्याआधी आणि भिंतीवर लावण्याआधी. घरी दिलेला होकार गॅलरीत टिकेलच असं नाही, आणि नकार आला तर चित्र गुंडाळून ठेवायची तयारी हवी. प्रदर्शनाआधी समाजातल्या मंडळींना बोलवा. कुणी म्हणालं, "आमच्याकडे असं नसतं," तर वाद घालू नका. त्यांच्याकडे कसं असतं ते विचारा आणि वही उघडा.