इंटर्नशिपला जाण्याआधी 72 रुग्णांची एक फाइल उघडा

संगणकीय जीवशास्त्राच्या लॅबमध्ये इंटर्नशिप मिळाली की बहुतेक जण आधी डीप लर्निंगचा कोर्स विकत घेतात. घाई नको. सुरुवातीला हाती मॉडेल येत नाही, फाइल येते. म्हणून सरावाला 1999 चा ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) गोलब डेटासेट उतरवून घ्या. 72 रुग्ण, 7129 स्तंभ; बहुतेक स्तंभांत एकेका जनुकाचं मोजमाप. 47 जणांना एएलएल, 25 जणांना एएमएल: ल्युकेमियाचे हे दोन प्रकार, आणि मॉडेलने रुग्णाचा प्रकार ओळखायचा.

फाइल एक्सेलमध्ये उघडू नका. मार्च1 नावाचं जनुक त्याला तारीख वाटते आणि नाव गुपचूप बदलतं. हा घोळ इतका पसरला होता की जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने 2020 मध्ये नावंच बदलून टाकली: मार्च1 चं मार्चएफ1, सेप्ट2 चं सेप्टिन2. जुन्या फाइलींत जुनीच नावं भेटतात. तेव्हा पायथनमधलं पांडास किंवा आर ही भाषा, जे जमत असेल ते. गोलबच्या फाइलीतल्या एएफएफएक्सने सुरू होणाऱ्या नोंदी म्हणजे अभ्यासाची जनुकं नव्हेत, जनुकं मोजणाऱ्या चिपच्या स्वतःच्या चाचणीसाठीचे ठिपके आहेत. त्या बाजूला काढायची सवय आत्ताच लावा.

मग कोड लिहिण्याआधी कागदावर एक भागाकार करा. डोळे मिटून सगळ्यांना एएलएल म्हटलं तरी 47 भागिले 72, म्हणजे 65 टक्के उत्तरं बरोबर येतात. तुमच्या मॉडेलची शर्यत शून्याशी नाही, या 65 शी आहे. शिवाय एएमएलच्या 25 पैकी किती सापडले, हा आकडा वेगळा लिहा.

आता जिथे मी स्वतः तोंडावर आपटलो ते. सगळे रुग्ण एकत्र घेऊन दोन प्रकारांत फरक दाखवणारी सर्वांत 'बोलकी' 50 जनुकं निवडली, नंतर ट्रेन (शिकवायचे रुग्ण) आणि टेस्ट (तपासायचे रुग्ण) असे भाग केले आणि मीटिंगमध्ये 97 टक्के मिरवले. गाइडने एवढंच विचारलं, "जनुकं कधी निवडलीस?" ही सरळ पेपरफुटी होती: टेस्टच्या रुग्णांची उत्तरं निवडीतच वापरली गेली होती. जनुकांची निवड क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (रुग्णांचे गट आळीपाळीने टेस्टला ठेवण्याच्या) प्रत्येक फेरीत, फक्त ट्रेनच्या रुग्णांवर व्हायला हवी. पायथनमधल्या सायकिट-लर्नची पाइपलाइन त्यासाठीच आहे. शंका आली तर रोगांची लेबलं पत्त्यांसारखी पिसा आणि सगळं पुन्हा चालवा. तरीही 90 टक्के आले, तर कुठेतरी पेपर फुटलाय.

गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आणि लिनक्सचं टर्मिनल आठवडाभरात हाताखालून जातं, त्याचं टेन्शन नको. जीवशास्त्र मात्र निदान डीएनए, आरएनए, प्रथिन एवढं घोकून जा, नाहीतर जनुक 'व्यक्त होतं' म्हणजे काय इथेच गाडी अडेल.

लॅबमध्ये पहिल्या दिवशी दोन गोष्टी विचारा: नमुने किती बॅचमध्ये (एका वेळी एकत्र तपासलेल्या गटांत) चालवले, आणि निदानाचं लेबल कुणी लावलं. सगळे आजारी एका बॅचमध्ये आणि निरोगी दुसऱ्या बॅचमध्ये असतील, तर मॉडेल आजार नव्हे, बॅच ओळखेल. रुग्णांच्या डेटाच्या परवानगीचे फॉर्मही त्याच दिवशी भरा. मंजुरी येईपर्यंत गोलबची फाइल आहेच.