वाचनालयातल्या स्टाफला नवीन वेब टूल्स कसे शिकवायचे (रोजचा अर्धा तास, आपल्याच टेबलावर)

आधीच सांगतो, जिल्ह्याला एक दिवसाची कार्यशाळा, प्रोजेक्टर, जेवण, सर्टिफिकेट, यातून हाताला काही लागत नाही. आम्ही दोनदा जाऊन आलो, सोमवारी काउंटरवर परत तेच पेन अन तीच देवघेवीची वही. अमेरिकेत शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स बाईंनी २००६ मध्ये भारी आयडिया केली होती, स्टाफला २३ छोट्या छोट्या गोष्टींची यादी देऊन टाकली, ज्याने त्याने आपापल्या वेगाने करून बघायच्या, अन सगळ्या पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर. आमच्याकडे प्लेअरला बजेट नाही, आम्ही भरीत-पुरीची पार्टी ठेवली, चाललं.

२३ ची गरज नाही, सहा-सात पुरे. वेळ दुपारची घ्या, सकाळी पेपर वाचणारे असतात, संध्याकाळी देवघेवीची गर्दी. लाईट गेली तर मोबाईलवर करा पण दिवस चुकवू नका. आणि माऊस शिकणाऱ्याच्याच हातात, तुम्ही हात मागे बांधून उभे राहा, हे सगळ्यात अवघड आहे राव.

सुरुवात टायपिंगपासून. आमचे शिपाई मामा पहिल्या दिवशी म्हणे, "भाऊ, हाई मन्हं काम नही." म्हटलं मामा, नातवाला व्हॉट्सॲपवर मराठीत मेसेज कोण पाठवतं? तेच युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारं टायपिंग. उलट पंधरा वर्षं कॉम्प्युटर चालवणाऱ्या आमच्या ताईंनाच जास्त त्रास झाला, कारण त्यांची जुनी यादी जुन्या फॉन्टमध्ये, ती ऑनलाइन शीटमध्ये पेस्ट केली की नुसती कंस-स्वल्पविरामांची खिचडी. अशी यादी आधी जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढायची आणि मग जोडाक्षरं डोळ्याने तपासायची.

मग गूगल शीट. दाखल नोंदवहीतली फक्त पन्नास पुस्तकं घ्या, दोघांनी दोन मशीनवरून एकाच शीटमध्ये भरा. इथे आमची फजिती झाली ती ऐका. कोणीतरी नुसता पुस्तकाच्या नावाचा कॉलम सिलेक्ट करून अकारविल्हे लावला, बाकीचे कॉलम जागेवरच, म्हणजे दाखल क्रमांक एकाचा अन पुस्तक दुसऱ्याचं. ताईंचा चेहरा पडला. मग फाईल मेनूतून व्हर्जन हिस्ट्री उघडली, अर्ध्या तासापूर्वीची प्रत रिस्टोअर केली, दोन मिनिटांत सगळं जागेवर. त्यानंतर स्टाफची बटन दाबायची भीती जी गेली ती गेलीच, म्हणून मी तर म्हणतो ही चूक मुद्दाम करून दाखवा.

तिसरं, शोध. बालकवी आपल्या धरणगावचे, सगळ्यांना माहीत. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये एकदा 'बालकवी' टाका, एकदा त्यांचं आडनाव 'ठोंबरे' टाका, निकाल किती वेगळे येतात ते बघायला लावा. तसंच 'साने गुरुजी' आणि 'साने गुरूजी', आपल्याला एकच वाटतं पण मशीनला ऱ्हस्व रु वेगळा, दीर्घ रू वेगळा. आमच्याच शीटमध्ये दोन्ही निघाले! लेखकाचं नाव एकाच पद्धतीने का भरायचं हे लेक्चर देऊन समजत नाही, वाचक समोर उभा आहे, पुस्तक कपाटात आहे आणि स्क्रीन नाही म्हणते, तेव्हा समजतं.

इतकं झालं की ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, किंवा कोहा, ते १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी बनलं, फुकट आहे पण सर्व्हर कोण सांभाळणार ते आधी ठरवा. सरावाला डेमो कॉपी घ्या, खऱ्या नोंदींवर सराव नको. वेळापत्रकाचा क्यूआर कोड वगैरे एका दुपारचं काम, मामांनी स्वतः बनवून दारावर चिकटवला.

आणि अकाउंट. वाचनालयाच्या जीमेलला मोबाईल नंबर कोणाचा टाकलाय बघा. आमचा ओटीपी माजी कार्यवाहांच्या फोनवर जायचा, आणि ते मुलाकडे पुण्याला, दुपारी झोपलेले. नंबर वाचनालयाच्याच सिमचा टाका, पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरवरून काढून कपाटात कुलपात ठेवा. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं, इथे शेवटी लिहिलंय कारण आम्हालाही शेवटीच आठवलं.