घरच्या कॉम्प्युटरवर फुकटचा अँटिव्हायरस टाकण्याआधी

गणपतीला चाकरमानी गावी आले की माझ्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. शृंगारतळीच्या बाजारात माझं झेरॉक्स, टायपिंग आणि सातबाऱ्याच्या प्रिंटचं छोटं दुकान आहे. आरतीची पुस्तिका, मंडळाची वर्गणीची पावती, मुंबईहून आणलेले बारशाचे फोटो, सगळं पेनड्राइव्हवर येतं आणि त्यातल्या बऱ्याच पेनड्राइव्हमध्ये व्हायरस असतो. मग तेच माणूस काउंटरवर कोपर टेकून विचारतं, "ताई, फुकटातला चांगला अँटिव्हायरस कुठला गो?"

मी आधी उलट विचारते, "विंडोज कुठलं आहे?" दहा किंवा अकरा असेल तर मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर त्यात आधीपासून असतो. तो डाउनलोड करावा लागत नाही, मुदत संपत नाही, पैसे मागत नाही. स्टार्टमध्ये जाऊन विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'वर जा आणि 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे ना ते पाहा. नवीन लॅपटॉपवर बहुतेक वेळा दुकानदाराने किंवा कंपनीने दुसरा एखादा ट्रायल अँटिव्हायरस टाकलेला असतो. त्यामुळे डिफेंडर बाजूला होतो. मग ट्रायल संपते, लाल खिडक्या येत राहतात आणि माणूस वर्षभर त्या नुसत्या बंद करत बसतो. असा संपलेला अँटिव्हायरस कंट्रोल पॅनलमधून काढून टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. डिफेंडर आपणहून जागा होतो. नाही झाला तर त्याच सेटिंगमधून चालू करा.

माझ्या घरी काय झालं ते सांगते, कारण त्यावरूनच मी हे सगळं शिकले. मे महिना होता, आंब्याची धांदल. घरच्या कॉम्प्युटरवर बागेचा हिशोब असायचा: वाशीला किती पेट्या गेल्या, कुणाकडून किती येणं आहे, राखणदाराची मजुरी. मशीन हळू चालायला लागलं म्हणून मी 'फ्री अँटिव्हायरस' असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या लिंकवर क्लिक केलं. ती जाहिरात होती. तिथून उतरवलेल्या फाइलबरोबर आणखी दोन सॉफ्टवेअर आली, ब्राउझरचं पहिलं पान बदललं. ते घालवायला मी अजून एक अँटिव्हायरस टाकला. दोघं एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासायला लागले आणि चार जीबी रॅमचं ते मशीन एक्सेलची फाइल उघडायलाही पाच-सात मिनिटं घ्यायला लागलं. ऐन हंगामात आम्ही आठ दिवस वहीवर हिशोब लिहिला.

म्हणून कुठलाही अँटिव्हायरस घ्या, तो बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. शोधात वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असेल ते सोडून द्या. आणि सतत पहारा करणारा अँटिव्हायरस एकच ठेवा. दुसऱ्याचं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती चालते, कारण ती आपण सांगू तेव्हाच स्कॅन करते, मागे बसून राहत नाही. मात्र सुरुवातीचे काही दिवस ती पूर्ण आवृत्तीची ट्रायल देते, ती सेटिंगमधून बंद करा.

डिफेंडर नकोच असेल तर निवडताना मी तीन गोष्टी बघते. कंपनी कुणाची, मशीनवर भार किती आणि फुकट देऊन ती मिळवते काय. अवास्ट, एव्हीजी, अविरा ही नावं वेगळी वाटतात, पण आज तिन्ही जेन डिजिटल या एकाच कंपनीकडे आहेत, नॉर्टनही तिचाच. एक काढून दुसरा टाकला म्हणजे घर बदललं असं नाही. अवास्टने लोक कुठल्या साइट बघतात याची माहिती जमशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकल्याचं उघड झालं, 2020 मध्ये जमशॉट बंद करावी लागली आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. आपण फुकट वापरतो तेव्हा 'डेटा शेअरिंग'समोरच्या सगळ्या टिकच्या खुणा काढायला पाच मिनिटं द्यावीत, ती यासाठी. रोमानियाच्या बिटडिफेंडरचीही फुकट आवृत्ती आहे, ती मला त्यातल्या त्यात शांत वाटली. क्विक हील आपल्या पुण्याचा, पण तो विकतचा.

भार किती पडतो ते जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्था मोजतात. त्यांचे निकाल फुकट बघता येतात. जुनं मशीन असेल तर 'परफॉर्मन्स'चा रकाना आधी वाचा.

आता पेनड्राइव्ह, कारण आमच्याकडे खरा त्रास त्याचाच. लावल्यावर फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण दिसला आणि साइज एक-दोन केबी असली, तर तो फोल्डर नव्हे, शॉर्टकट आहे. डबल क्लिक केलंत की व्हायरस तुमच्या मशीनमध्ये आला. फोटो गेलेले नसतात, लपवलेले असतात. ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' करा, सापडलेलं काढू द्या, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या आणि सिस्टिमच्या, दोन्ही प्रकारच्या फाइल दाखवायला सांगा. मागच्या भाद्रपदात एका आजींच्या नातवाचे तीनशेवर फोटो असेच परत दिसले. त्या स्टुलावर बसून एकेक फोटो बघत होत्या. कॉम्प्युटरचा फुल स्कॅन लावला म्हणजे पेनड्राइव्हही तपासला गेला असं धरू नका, तो वेगळा तपासा.

क्रॅक केलेल्या, म्हणजे चोरून फुकट वाटलेल्या मराठी फाँटबरोबर 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना येते. ती पाळू नका. तिथेच सगळे अँटिव्हायरस हरतात.

विंडोज दहाच्या सर्वसाधारण अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबल्या. मशीन अकराला चालत असेल तर आधी ते करा. सिस्टिमचीच भोकं अँटिव्हायरस बुजवत नाही. पावसात रेंज जाते, तेव्हा अँटिव्हायरसची आठवडाभर अपडेट झालेली नसते. नेट आलं की मोबाइलचा हॉटस्पॉट लावून 'चेक फॉर अपडेट्स' दाबायचं, त्यानंतरच बँकेचं पान उघडायचं. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

हिशोबाची आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. कॉपी झाली की वायर काढून ठेवा, कारण लावून ठेवलेल्या डिस्कमधल्या फाइलही रॅन्समवेअर, म्हणजे फाइल अडवून पैसे मागणारा व्हायरस, कुलूपबंद करतो. माझी डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, गोदरेजच्या कपाटात असते. दर अमावस्येला काढते, म्हणजे तारीख लक्षात राहते.